वाचकांचे प्रश्न : दोन खुर्च्या आणि एक कथा

प्रश्न : मी साहित्याची विद्यार्थिनी आहे. कथानक, पात्रे, वातावरण, संघर्ष, निवेदन आणि आशय हे कथेचे घटक मला पाठ आहेत, त्यांच्या व्याख्याही येतात. पण न वाचलेली कथा समोर आली की या व्याख्यांचा काहीच उपयोग होत नाही, आणि कथानक लिहा म्हटले की मी सरळ गोष्टच सांगून मोकळी होते. गोष्ट आणि कथानक यांत फरक कसा करायचा?

उत्तर : घटक वेगवेगळे शिकवले जातात, त्यामुळे ते कथेतही वेगवेगळे सापडतील अशी अपेक्षा निर्माण होते, आणि ही अडचण तिथूनच सुरू होते. प्रत्यक्षात एकाच वाक्यात पात्रही असते, वातावरणही असते आणि निवेदकाचा आवाजही असतो. म्हणून व्याख्यांऐवजी एक लहानसा प्रसंग रचतो आणि या वेळच्या सर्व उत्तरांत तोच हाताशी ठेवतो.

वडील आणि मुलगा यांचे भांडण होते आणि मुलगा घर सोडतो. अकरा वर्षे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. वडील वारतात, आणि घर विकण्यापूर्वी ते आवरण्यासाठी मुलगा परत येतो. खिडकीपाशी त्याला समोरासमोर ठेवलेल्या दोन वेताच्या खुर्च्या दिसतात. दोन्हींची वीण मध्यभागी सारखीच खचलेली आहे. वडिलांकडे रोज कोणीतरी येऊन बसत असले पाहिजे असे त्याला वाटते, आणि आपल्या जागी आलेला तो माणूस कोण या विचाराने तो अस्वस्थ होतो. खुर्च्या उचलताना त्याच्या लक्षात येते की दोन्ही खुर्च्यांच्या फक्त डाव्या हातावरचे पॉलिश घासून गेले आहे. वडील डावखुरे होते.

यातील घटना काळाच्या क्रमाने मांडल्या की ती गोष्ट झाली : भांडण, अबोला, मृत्यू, परत येणे, खुर्च्या. कथानक म्हणजे या घटना एकमेकींना कोणत्या कारणाने बांधल्या आहेत आणि वाचकाला त्या कोणत्या क्रमाने कळतात याची योजना. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांत हा भेद एका साध्या उदाहरणाने समजावला होता. राजा मेला आणि नंतर राणी मेली, ही गोष्ट झाली. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक झाले. गोष्ट ऐकणारा ‘पुढे काय झाले?’ असे विचारतो, तर कथानकाकडे पाहणारा ‘असे का झाले?’ असे विचारतो.

आपल्या प्रसंगात वडील डावखुरे असल्याची माहिती मी मुद्दाम शेवटी दिली. ती पहिल्याच वाक्यात दिली असती, तर घटना त्याच राहिल्या असत्या, परंतु मुलाचा चुकीचा तर्क वाचकाने त्याच्यासोबत केला नसता आणि तो तर्क कोसळताना वाचकालाही काही जाणवले नसते. तेव्हा कथानक लिहिताना घटनांची यादी करून थांबू नका. कोणती गोष्ट उशिरा सांगितली आहे, कोणती गाळली आहे आणि त्यामुळे काय साधले आहे, ते लिहा. आपल्या कथेत भांडणाचे कारण कुठेही आलेले नाही, आणि ते गाळणे हादेखील कथानकाचाच भाग आहे.

प्रश्न : कथेत कथानक श्रेष्ठ की पात्रे? आमच्या वाचक मंडळात यावर दोन तट पडले आहेत.

उत्तर : हा वाद फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या सहा घटकांत कथानकाला पहिले स्थान दिले आणि स्वभावाला दुसरे. तो नाटकाविषयी बोलत होता हे मात्र विसरू नये. कथात्म साहित्याविषयी मला अधिक पटते ते कादंबरीकार हेन्री जेम्स यांचे म्हणणे. घटना कशी घडेल हे स्वभावातूनच ठरते आणि स्वभाव दिसतो तो घटनेतूनच, अशा अर्थाचे विवेचन त्यांनी १८८४ सालच्या एका निबंधात केले आहे. वडिलांनी पत्र लिहिले असते तर ती कथा वेगळी झाली असती, आणि ते वडीलही वेगळे झाले असते. ज्या माणसाला मुलाला बोलवता येत नाही, पण त्याच्या खुर्चीत जाऊन बसता येते, त्याच माणसाच्या घरात अशा खुर्च्या सापडू शकतात. मग यात कथानक कुठे संपले आणि पात्र कुठे सुरू झाले, ते आपल्या दोन्ही तटांनी मिळून शोधावे.

प्रश्न : मी नव्याने कथा लिहू लागलो आहे. प्रथमपुरुषी निवेदन केले की ओळखीचे लोक ते माझेच अनुभव समजतात, म्हणून मी सर्व कथा तृतीयपुरुषात बदलून घेतल्या. पण त्या निर्जीव वाटू लागल्या. निवेदक बदलल्याने एवढा फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि माझ्या मते कथेच्या सर्व घटकांत याच घटकाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. लेखक हा कथेबाहेरचा माणूस असतो. निवेदक हा त्याने कथेसाठी घडवलेला आवाज असतो. ‘मी’ म्हणणारा निवेदक पात्रांइतकाच कल्पित असतो, मग त्याला लेखकाचे कितीही अनुभव उसने दिलेले असोत.

आपला प्रसंग तीन प्रकारे लिहून पाहू. ‘दोन्ही खुर्च्या सारख्याच खचल्या होत्या, म्हणजे माझी जागा त्यांनी कधीच कोणाला तरी देऊन टाकली होती.’ इथे मुलगा बोलतो आहे, आणि ‘देऊन टाकली’ या शब्दांतली तक्रार ऐकू येते. ‘दोन्ही खुर्च्या सारख्याच खचलेल्या पाहून तो थबकला, इथे रोज कोणीतरी येत होते.’ हा तृतीयपुरुष आहे, पण डोळे मुलाचेच आहेत आणि चूकही त्याचीच आहे. ‘वडील सकाळी एका खुर्चीत बसत आणि संध्याकाळी दुसरीत, हे त्याला ठाऊक नव्हते.’ हा सर्वसाक्षी निवेदक आहे. त्याला सगळे माहीत आहे, आणि त्याने एका वाक्यात रहस्य संपवून वाचकाला मुलापेक्षा अधिक जाणता केले आहे. इथून पुढे वाचकाला मुलाची कीव वाटेल, पण मुलासोबत चकित होण्याची संधी मात्र गेली.

दुसरे आणि तिसरे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने एकाच पुरुषातले आहे, तरी परिणाम किती वेगळा आहे ते पाहा. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेट यांनी १९७२ साली नेमका हाच गुंता सोडवला : कोण बोलते आहे आणि कोण पाहते आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आपण कथा तृतीयपुरुषात नेताना बहुधा ‘मी’च्या जागी ‘तो’ घातला आणि त्याच वेळी पाहणारे डोळेही काढून घेतले असावेत. आवाज बदलला तरी डोळे पात्राकडेच ठेवा. निर्जीवपणा बराच कमी होईल.

आणखी एक सांगावेसे वाटते. पहिल्या वाक्यातला मुलगा खोटे बोलत नाही, पण त्याचे म्हणणे खरेही नाही. ज्याच्या सांगण्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही अशा निवेदकाला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली ही संज्ञा रूढ केली. असा निवेदक लबाडच असावा लागतो असे नाही. तो दुखावलेला असेल, लहान असेल किंवा त्याला अर्धीच बाजू माहीत असेल. वाचकाला त्याच्या शब्दांपलीकडचे दिसू लागते, ते त्याच्याच शब्दांतून, आणि ‘मी’चे हे बळ ओळखीच्या लोकांच्या समजुतीखातर सोडून देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आरंभ, चढता संघर्ष, उत्कर्षबिंदू, उतार आणि शेवट अशी पिरॅमिडसारखी आकृती प्रत्येक कथेला लावता येते का?

उत्तर : नाही. ही आकृती जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग यांनी १८६३ साली मांडली, ती नाटकाच्या, विशेषतः पाच अंकी शोकांतिकेच्या, रचनेचा विचार करताना. लघुकथेत पुष्कळदा उतार नसतोच. आपल्या कथेत घासलेले पॉलिश दिसले की कथा जवळजवळ संपते. संघर्षही मोठ्या आवाजाचा असावा लागत नाही. इथे विरोध करणारा माणूस हयात नाही, आणि जो झगडा चालू आहे तो मुलाचा स्वतःच्या अकरा वर्षांच्या समजुतीशी आहे. आकृती सोबत असू द्या, पण ती बसत नाही म्हणून कथेला सदोष ठरवू नका.

प्रश्न : मी शिक्षक आहे. ‘या कथेतून काय शिकायला मिळते?’ या प्रश्नाला मुले पटकन उत्तर देतात. हेच आशयसूत्र मानावे का?

उत्तर : मानू नये. तात्पर्य म्हणजे कथेतून काढलेली आज्ञा : ‘आईवडिलांशी अबोला धरू नये.’ हे वाक्य चुकीचे नाही, पण ते कळण्यासाठी खुर्च्यांची गरज नव्हती. आशयसूत्र म्हणजे कथा ज्या प्रश्नाभोवती फिरते तो प्रश्न, आणि तो कथेतल्या तपशिलांनाच धरून सांगावा लागतो. आपल्या कथेविषयी कोणी म्हणेल की प्रेम व्यक्त न करता आल्याने ते वस्तूंमध्ये साठत जाते. दुसरे कोणी म्हणेल की ज्या अनुपस्थितीचा आपल्याला राग येतो, तिथेच आपली वाट पाहिली जात असते. तिसरा विद्यार्थी कदाचित सांगेल की वडिलांनी दोन्ही खुर्च्यांत बसून मुलाचे म्हणणे स्वतःच बोलून पाहिले असेल. तीनही मते मान्य होऊ शकतात, कारण ती घासलेल्या पॉलिशपर्यंत परत नेऊन दाखवता येतात. ‘वडील श्रीमंत होते’ असे कोणी म्हणाले, तर त्याला कथेत जागा दाखवता येणार नाही. वर्गात ‘काय शिकलात?’ याऐवजी ‘हे तुम्हाला कोणत्या वाक्यावरून वाटले?’ असे विचारून पाहा.

प्रश्न : वर्णने आली की मी पाने उलटून पुढे जातो. वातावरण वगळले तर कथा समजण्यात काही बिघडते का?

उत्तर : काही कथांत फारसे बिघडत नाही, तिथे वर्णन नुसते सजावटीपुरते असते आणि तो लेखकाचा दोष होय. चांगल्या कथेत मात्र स्थळ आणि काळ घटनेतच मिसळलेले असतात. खुर्च्या खिडकीपाशी होत्या, भिंतीपाशी नव्हत्या. त्यांतली एक रस्त्याकडे तोंड करून होती आणि दुसरी घराच्या दाराकडे, असे एक वाक्य मी आता जोडले, तर वडील दोन्हींत आलटून पालटून का बसत होते याचे आणखी एक कारण वाचकाला मिळेल. पान उलटणाऱ्याच्या हातून ते वाक्य निसटेल.