छातीवरचा कॅमेरा बंद करा म्हणता येतं का?

प्रश्न: पोलिस घरी चौकशीला आले, छातीवरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच, मागे आजारी आई झोपलेली, तीपण रेकॉर्ड झाली असणार ना?

उत्तर: झालीच असणार, कॅमेऱ्याला कोण आरोपी कोण पेशंट काय कळतंय. बंद करा अशी विनंती करता येते, ऐकणं मात्र तिथल्या नियमांवर. आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रेकॉर्डिंग सुरू करायचं बटण दाबायच्या आधीची साधारण 30 सेकंदंही सेव्ह होतात, बहुतेक आवाजाशिवाय! कॅमेऱ्याने पोलिस वचकून राहतात म्हणाल तर वॉशिंग्टन डीसीत 2 हजारांवर पोलिसांचा अभ्यास झाला, 2017 मध्ये निकाल आला, बळाच्या वापरात फारसा फरक नाही. मला जास्त खटकतं ते फुटेज कोण बघतं आणि त्यावर चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर लावतात का हे. तारीख-वेळ आजच लिहून ठेवा, कॉपी लेखी मागा, मुदत संपली की डिलीट होतं.