उणे तीसमध्येही इंजिन तापतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडाच्या उत्तरेला नोकरी पक्की झाली आहे, राहायची जागा आणि कामाची जागा यांच्यामध्ये गोठलेलं तळं आहे, आणि ते ओलांडायला एक जण त्याची जुनी लिक्विड-कूल्ड (आत फिरणाऱ्या द्रवाने इंजिन गार ठेवणारी) स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, द्यायला तयार आहे. देताना तो म्हणाला, "फक्त तापण्याकडे लक्ष ठेव." उणे तीस अंशांत इंजिन तापेल कसं, असं तुम्ही विचारता. पहिल्या हिवाळ्यात मलाही असंच कुणीतरी बजावलं होतं आणि तो माणूस नवख्याची फिरकी घेतोय, असं मला वाटलं होतं.

त्याचं खरंच होतं. कारच्या नाकाशी रेडिएटर असतो आणि त्यातून वारा जातो. बहुतेक लिक्विड-कूल्ड स्नोमोबाईलना तो नसतोच. सीटखाली पत्र्याची एक लांबट पोकळी असते, तिला सगळे टनेल म्हणतात, आणि तिच्यात गाडीला पुढे ढकलणारा रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, फिरतो. टनेलच्या छताला ॲल्युमिनियमचे हीट एक्स्चेंजर असतात आणि इंजिनातून तापून आलेला तो द्रव, म्हणजे कूलंट, त्यांतून वाहतो. ट्रॅक खालचा बर्फ उधळतो, तो एक्स्चेंजरवर आपटून वितळतो आणि वितळताना उष्णता ओढून घेतो. एक किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोजूल लागतात. तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. इथे वाऱ्याचा हातभार अगदीच किरकोळ. म्हणजे हवा कितीही गार असली तरी टनेलमध्ये बर्फ उडाला नाही, तर तापमान दाखवणाऱ्या गेजचा काटा वर चढणारच.

आपली खरी अडचण भाषेची आहे. आभाळातून पडतो तोही बर्फ, तळ्यावर काचेसारखा जमतो तोही बर्फ. इंजिनाच्या दृष्टीने ही दोन टोकं आहेत. ताजा, भुसभुशीत, गुडघाभर बर्फ असेल तर इंजिनाला कितीही राबवा, ते गारच राहतं. यंत्राने दाबून सपाट केलेली वाट दुपारी जरा सैल झालेली असते आणि ठीक चालते. तीच वाट कडाक्याच्या रात्रीनंतर सकाळी सिमेंटसारखी टणक होते आणि ट्रॅकला उधळायला काही मिळत नाही. म्हणजे सर्वांत थंड सकाळीच इंजिन तापण्याचा धोका जास्त! वाऱ्याने झाडून काढलेलं उघडं तळं त्याहून वाईट, आणि तुमचा रोजचा रस्ता नेमका तोच आहे. हिवाळा सरताना बर्फ पाणचट होतो तेव्हा कूलंटची काळजी नसते. पण तोच रबरबाट टनेलमध्ये साचून रात्री गोठतो आणि सकाळी ट्रॅक जागचा हलत नाही. म्हणून घरी पोहोचल्यावर तो खरवडून काढायचा आणि मागची बाजू स्टँडवर उचलून ठेवायची.

तळ्यासाठी बर्फ खरवडणारे स्क्रॅचर बसवून घ्या, यात काटकसर नको. ट्रॅकच्या आतल्या रेल्सना बसवलेल्या स्प्रिंगच्या किंवा केबलच्या या दोन काड्या खालचा टणक थर ओरबाडतात, आणि निघालेला चुरा ट्रॅक वर फेकतो. मात्र बरेच स्क्रॅचर रिव्हर्स घेताना रुततात, वाकतात किंवा तुटतात. मागे जाण्याआधी उचलून अडकवायची सवय लावा. मी ती सवय एक जोडी मोडल्यावर लावली. निव्वळ काचेसारख्या बर्फावर मात्र त्यांचाही फारसा इलाज चालत नाही.

या चुऱ्याची गरज फक्त इंजिनाला नसते. ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो, त्यांना इथे हायफॅक्स म्हणतात. त्यांना वंगण आणि गारवा दोन्ही बर्फानेच मिळतं. कोरड्या, कडक पृष्ठभागावर त्या झिजतात, मऊ पडतात, वितळूही शकतात. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर गेज काहीही सांगो, थांबा. याची सूचना गेज देतच नाही.

माझी फजिती सांगतो. तळ्याच्या ऐन मध्यावर तापमानाचा लाल दिवा लागला. मी शहाण्यासारखा हूड उघडून वारा लागेल म्हणून उभा राहिलो, इंजिन मात्र चालूच. मागून आलेल्या एका म्हाताऱ्याने आधी किल्ली फिरवली, मग मुकाट्याने बुटाने बर्फ गोळा करून टनेलवर, सीटच्या मागे, ढीग लावला. थोड्या वेळाने मागे वाकून बघितलं आणि विचारलं, "फ्लॅप कुठंय?" गाडीच्या मागे लोंबणारा रबरी पडदा आधीच्या मालकाने काढून टाकला होता. मी त्याला मडगार्ड समजत होतो. उडालेला बर्फ मागे निसटून न जाता टनेलमध्ये राहावा, हेही त्याचं काम असतं. तुमची गाडी बघायला जाल तेव्हा आधी तो आहे का, फाटला आहे का, ते बघा.

दुसरं बघायचं ते ट्रॅकचे दात, म्हणजे लग. अडीच-तीन इंची असतील तर ती खोल बर्फाची, डोंगरातली गाडी. अशा गाड्यांचे एक्स्चेंजर भरपूर बर्फ मिळेल असं धरून बेतलेले असतात आणि टणक वाटेवर त्या लवकर तापतात. तुमच्या रस्त्याला सव्वा इंचाच्या आसपासचे लग पुरेत.

वाटेत काटा चढायला लागला तर दिवा लागेपर्यंत थांबू नका. वेग कमी करा आणि वाटेच्या कडेला जिथे सैल बर्फ साचलेला असतो तिथे, जागा माहीत असेल तर, थोडं अंतर चालवा. काटा उतरताना दिसतो. तरीही उतरला नाही, तर इंजिन बंद करून टनेलवर बर्फ टाका. तापलेल्या इंजिनावर कधीच नाही, धातूला तडा जाऊ शकतो. कूलंटचं झाकणही गरम असताना उघडायचं नाही, आत दाब असतो.

कूलंटमध्ये नुसतं ग्लायकॉल (कूलंट गोठू नये म्हणून पाण्यात मिसळतात तो द्रव) भरलं की काम झालं, असं कुणी सांगेल. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. निम्मं पाणी मिसळलं की मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं. तुमच्याकडे पारा त्याच्याही खाली जात असेल तर ग्लायकॉल ६० टक्क्यांपर्यंत न्या, त्यापुढे नको. कूलंट बदलल्यावर आत हवा अडकली तर भरपूर बर्फातही इंजिन तापतं. ती कशी काढायची हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणेच करा.

आणि उलटी चूक: तापण्याच्या धास्तीने सकाळी इंजिन गरम न करताच निघणं. टू-स्ट्रोक प्रकारच्या इंजिनात पिस्टन झपाट्याने फुगतो, थंडगार सिलिंडर मागे राहतो, आणि अशात थ्रॉटल दाबला तर इंजिन जाम होतं. आधी काटा हलू द्या.

तुमच्या जागी मी असतो तर ही गाडी घेण्याआधी फॅन-कूल्ड गाडी शोधली असती. तिच्या इंजिनावर पंखा वारा सोडतो, त्यामुळे इंजिनाला बर्फाची वाट बघावी लागत नाही. आवाज जास्त, ताकद कमी, पण रोज तळं ओलांडायला ताकद हवी कशाला? पंख्याचा बेल्ट तेवढा तपासत जा. हायफॅक्स तिलाही असतात, तेव्हा स्क्रॅचर तिथेही लावा. हीच जुनी गाडी घ्यायची ठरलं, तर मालकाला ती टणक वाटेवर वीस मिनिटं चालवून दाखवायला सांगा आणि तुम्ही काट्याकडे बघत राहा.