मर्सिडीज कॉम्प्रेसर गाडी थरथरतेय? आधी हवा बघ

तुझी मर्सिडीज थरथरतेय म्हणून सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) गेला असं धरून लगेच तो उतरवायला जाऊ नकोस रे. गाडी नेमकी कधी थरथरते ते आधी बघ. बेळगावच्या उद्यमबागेत सिग्नलला उभी असताना, की चोर्ला घाटाचा चढ ओढताना?

उभी असतानाच थरथरत असेल तर बहुतेक कुठूनतरी बाहेरची हवा आत शिरतेय. तुझ्या सी २०० कॉम्प्रेसरच्या १.८ लिटर एम २७१ इंजिनात ब्रीदरचे (इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत सोडणारे) रबरी पाईप उष्णतेने कडक होऊन चिरतात. चीर खालच्या वळणाला असली तर वरून दिसतच नाही, म्हणून इंजिन गार असताना बोटाने चाचपून बघ. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंधन किती वाढवतोय-घटवतोय तो आकडा) आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, बराच प्लसमध्ये दाखवतोय आणि २,५०० आरपीएमला शून्याकडे येतोय? मग स्मोक टेस्ट (पाईपांत धूर सोडून गळती शोधणं) करूनच घे. पार्ट बदलत बसण्यात पैसे घालवू नकोस.

चढावर झटके देत असेल तर प्लग आणि त्याला व्होल्टेज देणारी कॉइल बघ. सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, जुना प्लग तिथेच मार खातो.

आणि कॅम मॅग्नेटचे (कॅमशाफ्टचं टायमिंग बदलणारे इलेक्ट्रोमॅग्नेट) कनेक्टर आजच काढून बघ. आत तेल दिसलं तर ते वायरिंगमधून ईसीयूपर्यंत झिरपू शकतं. मॅग्नेट बदल, कनेक्टर क्लीनरने धू, मग स्कॅनरने एररचे कोड पुसून गाडी पुन्हा चालव.