महिंद्रा थारच्या टायरमध्ये रस्त्यावर किती हवा ठेवावी आणि वाळूत, चिखलात किती?

पंक्चरवाला सरसकट 40 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरून देतो ते बरोबर का, आणि जैसलमेरला वाळूत जाताना हवा किती सोडायची, असं तुम्ही विचारलंय.

40 नको. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर दिसेल, रस्त्यासाठी तोच आकडा धरा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. हवा तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना.

उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवणारे खूप भेटतात. कृपा करून असं करू नका. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला कडेने दबतो, उलगडतो आणि त्यानेच तापतो. समृद्धी महामार्गावर ताशी 120 ने तासन् तास गेलात तर फुटायची भीती अशाच टायरला जास्त. तासाभराने गेज (हवा मोजायचं मीटर) 3-4 पीएसआय जास्त दाखवेल. ते अपेक्षितच आहे, ती हवा सोडायची नाही.

वाळूचा हिशेब अगदी उलटा. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर पहिल्यांदा मी 32 वरच गाडी घातली. पन्नासेक फुटांत रुतली आणि रेस देत गेलो तसतशी खाली बसली. तिथल्या एका जीपवाल्याने खाली वाकून किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्हची पिन दाबून धरली. चारही टायर 16 वर आले, टायरचं पोट बाहेर आलं. चाकांपुढची वाळू हाताने उपसली, दुसऱ्या गिअरला हलकेच क्लच सोडला आणि गाडी निघाली. हवा कमी केली की टायर लांबीला पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं.

वाळूत 15 ते 18 ठेवा. त्याखाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. दगडगोट्यांच्या वाटेवर 22-25 पुरे. आपल्याकडच्या चिखलाखाली बहुधा कडक मुरूम असतो, तिथेही मी याहून खाली जात नाही. हवा कमी असताना वेग तिशीच्या आत ठेवा, झटकन वळवू नका.

12 व्होल्टचा कंप्रेसर आणि स्वतःचा गेज बरोबर नसेल तर हवा सोडूच नका. डांबरी रस्त्याला लागण्याआधी चारही टायर पुन्हा भरायचे, इंजिन चालू ठेवून, म्हणजे बॅटरी उतरत नाही.

आणि हे सगळं कोकणातल्या किनाऱ्यावर करून बघू नका. भरतीत गाडी गेली तर काढता येत नाही, शिवाय वेळास, आंजर्ल्याला त्याच वाळूत कासवांची घरटी असतात.