पाणथळ जागेत टेंट लावून रात्र काढायची आहे, साप आणि मगरींपासून काय काळजी घ्यावी?

प्रश्नात तुम्ही साप आणि मगरींचंच विचारलंय, पण मी आधी पाण्याचं बघेन. संध्याकाळी कोरडी ठणठणीत असलेली जागा पहाटे पाण्यात असू शकते, आणि त्यासाठी तुमच्या डोक्यावर पाऊस पडायला पाहिजे असंही नाही, वरच्या अंगाला पडला तरी पुरे. म्हणून उजेड आहे तोवरच पोचा आणि झुडपं, झाडांची खोडं नीट बघा. वाळलेला चिखल आणि अडकलेला काडीकचरा एका रेषेत दिसला की पाणी कधीतरी तिथवर चढलं होतं समजायचं, ती रेषा टेंटच्या जागेपेक्षा वर असेल तर तिथे टेंट टाकूच नका. खाडीकाठ असेल तर भरतीची वेळ बघून जा, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं.

मगरींचा भाग असेल तर पाण्यापासून निदान ५० मीटर लांब झोपा, पाणी भरायला रोज त्याच जागी जाऊ नका आणि काठावर मासे साफ करणं, खरकटं टाकणं अजिबात नको. सापासाठी टेंटची चेन कायम बंद, बूट आत, बाहेर पाय टाकताना टॉर्च. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही करायचं नाही, हालचाल कमीत कमी ठेवून सरळ हॉस्पिटल गाठायचं, त्यामुळे अंधारात बाहेर कसं पडायचं ते दिवसाच ठरवून ठेवा.

चिखलात पाय रुतला की माणूस दुसऱ्या पायावर जोर देतो आणि तोही आत जातो. त्यापेक्षा सॅक काढून फेका, मागे रेलून वजन पसरवा आणि अडकलेला पाय हळूहळू हलवत राहा, बाजूने पाणी शिरलं की गाळ सैल होतो. घाई केली की बूट तिथेच राहतो, तो गेला तर जाऊ दे.

बाकी नेहमीचंच, डासांचं क्रीम, झोपायचे कोरडे कपडे वेगळ्या प्लास्टिकमध्ये (भिजलेलं कॉटन अंगावर ठेवून झोपू नका), थंडी वाजली तरी टेंटच्या आत शेगडी नाही, तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने झोपेतच माणूस जातो. पाणी खळखळून उकळून प्या, पण ज्यावर हिरवट-निळा तवंग दिसतो ते उकळूनही नको, त्यातलं विष उकळून जात नाही.

आणि पायाला जखम असेल तर वॉटरप्रूफ पट्टी लावूनच पाण्यात उतरा, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार) जंतू तिथून शिरतात. परत आल्यावर महिनाभरात ताप, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना पाण्यात फिरल्याचं आपणहून सांगा.