मन कोरं करण्याचा हट्ट सोड

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ‘आधी सगळे पूर्वग्रह पुसून मन कोरं करतो, मगच कुठल्याही प्रश्नाचा विचार करायला बसतो,’ असं तू लिहिलंयस. हेतू चांगला आहे, पण ते जमणार नाही. या नादात उमेदीची वर्षं जाऊ नयेत, म्हणून लगेच उत्तर लिहायला घेतलं.

१९४९ साली जेरोम ब्रूनर आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी पत्त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पत्ता निमिषभर दाखवायचा आणि काय दिसलं ते विचारायचं. त्यातल्या काही पत्त्यांचे रंग मुद्दाम उलटे केलेले, म्हणजे इस्पिक लाल आणि बदाम काळं. नेहमीचा पत्ता ओळखायला सरासरी २८ मिलिसेकंद पुरायचे, उलट्या रंगाच्या पत्त्याला ११४ लागायचे. मला मात्र या आकड्यांपेक्षा लोकांची उत्तरं जास्त बोलकी वाटतात. लाल इस्पिक समोर असताना कुणी बेधडक ‘बदाम’ म्हणायचं, कुणी नेहमीचं काळं इस्पिक. काहींना तर ते चक्क तपकिरी किंवा जांभळट दिसलं! डोळ्यांपुढे लाल होतं, अनुभव काळं म्हणत होता, आणि मनाने परस्पर तडजोड करून टाकली. त्यांच्या लेखी मात्र जे दिसलं तेच ते सांगत होते.

आपली मतंही बरीचशी अशीच तयार होतात. जाणिवेपर्यंत जे पोचतं ते आधीच निवडून, लावून आलेलं असतं. म्हणून ‘मला स्पष्ट दिसतंय’ एवढ्यावर कुणाशी वाद घालू नकोस. पण अनुभवाला वैरीही समजू नकोस. तो नसता तर २८ मिलिसेकंदांत कुणाला काय ओळखता आलं असतं?

त्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. एकदा असा विचित्र पत्ता ओळखला, की पुढचे बरेच लवकर ओळखू यायचे. जुनं काही पुसलं गेलं नव्हतं, ‘असंही असू शकतं’ एवढी भर पडली होती. तुला करायचंय ते हेच. तुझ्यापेक्षा वेगळं आयुष्य काढलेल्या माणसांत ऊठबस ठेव. ज्याच्या बोलण्याची चीड येते त्याला शांतपणे विचार, ‘तुम्हाला असं वाटावं असं काय वाट्याला आलं?’ उत्तर पटलंच पाहिजे असं नाही. सगळे दृष्टिकोन सारखेच खरे, असं मी मुळीच म्हणत नाही; तो पत्ता कुणाला कसाही दिसला तरी लालच होता.

आणि खटकण्याकडे नीट लक्ष दे. त्या प्रयोगातही पत्ता नीट ओळखण्याआधी काही जण अस्वस्थ व्हायचे. काहीतरी चुकतंय हे जाणवायचं, पण काय ते सांगता यायचं नाही. आपण अशा वेळी पटकन जुना अर्थ चिकटवून मोकळे होतो. तू तसं न करता थोडा वेळ थांब, आणि जे खटकलं ते घडलं तसंच वहीत उतरव. महिनाभराने ती पानं मला पाठव. त्यावर मत आत्ताच बनवू नकोस, आपण सोबत बसून बोलू.

तुझा,
काका