तिथी, तारीख, दिनांक, मिती : रकान्यात कोणता शब्द लिहावा?

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानासाठी अभिषेक, पालखी आणि जत्रोत्सव यांच्या नोंदणीचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, अर्जातील रकान्याला यंत्रानुवादाने 'तिथी निवडा' असे नाव दिले आणि त्याला ज्येष्ठ महाजनांनी हरकत घेतली. तेव्हा तेथे तारीख, दिनांक की मिती लिहावे, आणि इंग्रजी तारखांखेरीज दुसरी पद्धत निवडण्याची जी सोय द्यायची आहे तिला मराठीत काय म्हणावे.

महाजनांची हरकत रास्त आहे. हिंदीत 'तिथि' कोणत्याही तारखेला चालते. 'जन्मतिथि', 'अंतिम तिथि' हे तेथील अर्जांतले नित्याचे शब्द आहेत आणि हिंदीवरून बेतलेल्या अनुवादांतून ते मराठीत शिरतात. मराठीत मात्र तिथी म्हणजे चांद्रमासाचा तिसावा भाग. 'शिवजयंती तारखेने की तिथीने?' हा प्रश्न मराठी माणसाला उलगडून सांगावा लागत नाही: १९ फेब्रुवारी की फाल्गुन वद्य तृतीया, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरू लागलो तर हा प्रश्न विचारण्याची भाषाच आपण गमावून बसू. ३० जानेवारीला आपण गांधीजींची पुण्यतिथी म्हणतो हे खरे. पण तो सामासिक शब्द रूढीने स्थिरावला आहे, त्याच्या आधारे सुट्या 'तिथी'चा अर्थ सैल करता येणार नाही.

तारीख हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेला, दिनांक ही संस्कृत घडण. अर्थाने दोन्ही सारखेच. सरकारी कागदावर दिनांक शोभतो, पण पावती फाडणारा आणि पावती घेणारा दोघेही तारीखच म्हणतात, म्हणून माझा कौल तारखेला आहे. कोणताही शब्द घेतला तरी 'निवडलेली तारीख' आणि 'निवडलेला दिनांक' हा लिंगभेद सूचनावाक्यांत सांभाळावा लागेल.

मिती हा शब्द मात्र अडगळीत टाकण्याजोगा नाही. नुसती 'पंचमी' ही तिथी झाली, तर महिना, पक्ष आणि शक यांसह कागदावर पुरती मांडलेली ती मिती. शिरगावच्या लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची आणि कवळ्याच्या शांतादुर्गेची माघ शुद्ध पंचमीची. तिथी एकच, मिती वेगळी. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये जो संपूर्ण रकाना असेल त्याला 'मिती' म्हणावे आणि 'तिथी' हे त्याच्या एका घटकाचेच नाव राहू द्यावे.

त्या घटकांत महिना 'अधिक' की 'निज' (म्हणजे नेहमीचा) ही खूण असलीच पाहिजे. २०२६ साली ज्येष्ठ महिना अधिक आहे, म्हणजे शके १९४८ मध्ये ज्येष्ठ शुद्ध पंचमी दोनदा येते, आणि ही खूण नसेल तर यंत्राला त्या दोहोंतला फरक कळणार नाही. तिथीची लांबी साधारण १९ ते २६ तास अशी कमीजास्त होते. जी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्यापूर्वी संपते तिचा क्षय, आणि जी दोन सूर्योदयांना असते तिची वृद्धी. शिवाय गणेश चतुर्थी माध्यान्हीची तिथी पाहून ठरते आणि महाशिवरात्र मध्यरात्रीची पाहून. तेव्हा तारखेवरून मिती केवळ सूत्राने काढू नये. देवस्थान जे पंचांग मानते त्यातील नोंदी वर्षागणिक भरून घ्याव्यात. उत्तरेकडील तयार माहिती वापरणार असाल तर तेथील महिने पौर्णिमान्त, म्हणजे आपल्यासारखे अमावास्येला नव्हे तर पौर्णिमेला संपणारे, असतात हेही ध्यानात असू द्यावे. आपल्याकडची महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते. तोच दिवस त्या माहितीत फाल्गुन कृष्ण चतुर्दशी म्हणून दिसेल.

आता निवडीच्या सोयीचे नाव. तेथे 'दिनदर्शिका' लिहू नये, कारण दिनदर्शिका भिंतीवर टांगतात. पंचांग म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे सांगणारा ग्रंथ. दिवस मोजण्याच्या पद्धतीला 'कालगणना' हाच शब्द नेमका आहे.

निवडीसाठी द्यायच्या कालगणनांच्या यादीत एक सापळा आहे. युनिकोडच्या प्रमाण माहितीत आणि तिच्यावर चालणाऱ्या ब्राउझरांत 'इंडियन' नावाची जी कालगणना मिळते, ती पंचांगाची नव्हे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने स्वीकारलेली ती सौर राष्ट्रीय कालगणना आहे. तिच्यात चैत्र दर वर्षी २२ मार्चला, आणि लीप वर्षी २१ मार्चला, सुरू होतो. २०२५ साली तिचा १ चैत्र २२ मार्चला होता आणि गुढीपाडवा ३० मार्चला. शक तोच, महिन्यांची नावे तीच, म्हणूनच घोटाळा सहज होतो. तिला मराठीत 'भारतीय राष्ट्रीय कालगणना (सौर)' असे पूर्ण नाव द्यावे आणि पंचांगाच्या पद्धतीला 'शालिवाहन शक (चांद्र, अमान्त)' म्हणावे.

देवस्थानच्या जुन्या कागदांतील तारखा भरणार असाल तर गोव्यापुरती आणखी एक काळजी घ्यावी. पोर्तुगालने १५८२ सालीच ग्रेगोरियन, म्हणजे आजची इंग्रजी तारखांची, कालगणना घेतली. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन गणनेवर होते. त्यामुळे सतराव्या शतकातील एकाच दिवसाची तारीख पोर्तुगीज कागदात आणि इंग्रजी पत्रात दहा दिवसांच्या फरकाने दिसते. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन आहे. ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च १६३० येतो, आणि वार दोन्हीकडे शुक्रवारच. मागील सर्व काळाला ग्रेगोरियनच लावणाऱ्या प्रणालीत १९ फेब्रुवारी १६३० भरून वार विचारला तर उत्तर मंगळवार येईल. म्हणून जुन्या नोंदीत तारखेशेजारी 'कालगणना' हा रकाना ठेवावा आणि कागदावर मिती असेल तर ती कागदावर आहे तशी, शब्दशः उतरवून घ्यावी.